शेक नेमकं कुठलं जेवण काढतो? शेक आणि बार नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

वजन उतरवायचं म्हणून शेकचा, म्हणजे जेवणाच्या जागी दुधात-पाण्यात हलवून प्यायच्या पावडरीचा, डबा घरी आणला की पहिल्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. सकाळी शेक. मग ‘नुसत्या शेकवर दुपारपर्यंत कसं निघणार’ म्हणून दोन पोळ्या. आणि चार वाजता डब्याबरोबर फुकट मिळालेला बार. आधीचं खाणं जागच्या जागी आणि वर चारशे-पाचशे कॅलरींची भर! शेकमध्ये चरबी जाळणारं काहीही नसतं. असतात त्या फक्त मोजून बांधलेल्या कॅलरी. सातशे कॅलरींच्या जेवणाच्या जागी अडीचशेचा शेक आला तर वजन उतरतं; जेवणासोबत आला तर वाढतं. पुढचं सगळं या हिशेबावर उभं आहे.

पायरी १ : आधी औषधांची चिठ्ठी काढा

वजनकाट्याच्याही आधी ही पायरी, कारण खरा धोका इथेच असतो.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ते औषध तुमच्या रोजच्या जेवणाच्या अंदाजाने दिलेलं असतं. भात-पोळी जाऊन शेक आला आणि डोस तोच राहिला, तर साखर झपाट्याने खाली येऊ शकते: घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर आणखी वेगळी अडचण. कर्बोदकं फार कमी झाली की रक्तात आम्ल साठण्याचा धोका वाढतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा चढलेलाही दिसत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना वजन उतरू लागल्यावर उठताना गरगरू शकतं. यातली कुठलीही गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नका. शेक सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, सुरू केल्यावर नव्हे.

थायरॉइडच्या गोळीचं गणित सोपं आहे, पण नेमकं तेच चुकतं. सकाळी अनशापोटी गोळी आणि अर्ध्या तासाने शेक, हा क्रम बरोबर नाही. शेकमधलं कॅल्शियम, लोह आणि सोया ती गोळी नीट शोषू देत नाहीत. मध्ये चार तास हवेत. म्हणून थायरॉइडवाल्यांनी शेक रात्रीच्या जेवणाला लावलेला बरा. वॉरफरीन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी शेकमधल्या ‘के’ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, पोटॅशियम आणि फॉस्फरस हे तिन्ही आकडे त्यांना दाखवावेत. पित्ताशयात खडे असतील किंवा यूरिक ॲसिड वाढलेलं असेल, तर भराभर वजन उतरल्याने दुखणं उसळू शकतं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, आणि खाण्यावरून पूर्वी उपाशी राहणं किंवा उलट्या काढणं असा त्रास झालेली माणसं यांच्यासाठी हा लेख नाही.

मुळात वजन कमी करायची गरज आहे का, हेही तपासा. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात; पाश्चात्त्य तक्त्यांतले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. उंची १६० सेंटीमीटर असेल तर २३ म्हणजे सुमारे ५९ किलो आणि २५ म्हणजे ६४ किलो. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरच्या पुढे असेल तर पोटावरची चरबी हा खरा प्रश्न आहे. टेप काढा आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पायरी २ : कुठलं जेवण काढायचं ते ठरवा

तीन दिवस जे तोंडात जाईल ते लिहा, चहातल्या साखरेसकट. मग त्या यादीत सगळ्यात वाईट जेवण कुठलं ते शोधा.

अनेक नोकरदार घरांत दुपारचा डबा हे दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण असतं: पोळी, भाजी, उसळ, कधी काकडीची कोशिंबीर. तरी लोक तोच काढतात, कारण ऑफिसात शेक हलवणं सोयीचं वाटतं. मला हे पटत नाही. डबा राहू द्या. बहुतेकांची यादी घसरते ती दोन जागी. एक, सकाळी घाईत स्टेशनबाहेर खाल्लेला वडापाव किंवा मिसळ. दुसरी, रात्री साडेनऊ-दहाचं जेवण. तीन पोळ्या, भाजी, वर आमटी-भात असा सातशे-साडेसातशे कॅलरींचा ऐवज पोटात जातो आणि अर्ध्या तासात आपण आडवे. या दोहोंपैकी एक काढा. एकच. दोन जेवणं काढायची असतील तर आहारतज्ज्ञ सोबत हवा, आणि तिन्ही काढायची असतील तर डॉक्टर.

घरात रात्रीचं जेवण सगळे एकत्र करत असतील तर मात्र ते काढू नका. पोरं वरण-भात खाताहेत आणि आई बाजूला पेला घेऊन बसली आहे, हे चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी पातेल्यातला उरलेला भात ‘टाकायचा कशाला’ म्हणून आईच्याच पोटात जातो.

दीक्षित पद्धतीने दोनदाच जेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्या पद्धतीत मधल्या वेळचा बार किंवा शेक हेही खाणंच धरलं जातं. दोन्ही पद्धती एकदम चालवू नका. कुठलीतरी एक धरा.

पायरी ३ : पाकीट उलटं करा

दर्शनी बाजूला जाहिरात असते, माहिती असते ती मागे.

पहिला प्रश्न, हा खरंच जेवणाच्या जागी घ्यायचा शेक आहे की नुसती प्रोटीन पावडर? जिममधल्या प्रोटीन पावडरच्या एका मापात साधारण १२० कॅलरी आणि २४ ग्रॅम प्रथिनं असतात, पण जीवनसत्त्वं, खनिजं, तंतू (फायबर) जवळपास नसतात. जेवणासोबत पूरक म्हणून ती ठीक आहे, जेवणाच्या जागी नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात कोलॅजेनपासून बनवलेलं पातळ प्रथिन आठवडेच्या आठवडे एकमेव अन्न म्हणून पिण्याची लाट आली होती. त्यात पन्नासहून जास्त मृत्यूंची नोंद झाली, अनेकांच्या हृदयाचे ठोके बिघडून. जेवणाची जागा घेणाऱ्या पेयात काय काय असलंच पाहिजे, याबद्दल यंत्रणा कडक झाल्या त्या या धड्यानंतर.

आज कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार एका जेवणाच्या बदल्यातल्या उत्पादनात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात आणि त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून याव्यात. चरबीतून ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. दुकानात उभं राहून एवढं तपासायला फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो: प्रथिनांचे ग्रॅम गुणिले ४, भागिले एकूण कॅलरी.

आता गंमत बघा. समजा पाकिटावर ठळक अक्षरांत ‘२० ग्रॅम प्रथिनं’ लिहिलंय आणि शेजारी एक बारीक फुली आहे. ती फुली तळाशी शोधली की कळतं, ‘२५० मिली टोन्ड दुधासह’. मागच्या तक्त्यात ३५ ग्रॅम पावडरीत प्रथिनं १२ ग्रॅम, कॅलरी १३५. उरलेली आठ ग्रॅम तुमच्या घरच्या दुधाची! दुधाच्या सुमारे १४५ कॅलरी धरून पेला २८० चा होतो आणि जेवण म्हणून चालतो. हाच शेक पाण्यात घेतला तर १३५ कॅलरींत तासाभरात पोट ओरडायला लागणार. म्हणून ‘१०० ग्रॅममध्ये’, ‘एका सर्व्हिंगमध्ये’ आणि ‘दुधासह’ हे तीन रकाने वेगवेगळे वाचा. सर्व्हिंग म्हणजे एक चमचा की दोन, हेही पाहा. डबा किती दिवस पुरेल ते त्यावर ठरतं, आणि किंमत डब्यावर नाही, पेल्यावर काढायची असते.

साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण आणि वरून घातलेली. दुधाच्या पावडरीतली साखर पहिल्या ओळीत येते, तिला घाबरू नका. वरून घातलेली पाच ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. पण माल्टोडेक्स्ट्रिन ही पिष्टापासून बनवलेली पावडर या ओळीत बहुधा मोजलीच जात नाही आणि रक्तातली साखर मात्र ती झटक्यात चढवते. ती घटकांच्या यादीत शोधावी लागते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिले तीन शब्द वाचा. तिथे प्रथिनाचा स्रोत दिसला तर पुढे जा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर दिसली तर पाकीट परत ठेवा. तंतू पाच ग्रॅमच्या आसपास असावेत.

गोडीचे क्रमांकही कामाला येतात. ९५५ सुक्रालोज, ९५१ ॲस्पार्टेम, ९६० स्टीव्हिया, ९६५ माल्टिटॉल. वजनावर ताबा ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडवे वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. माझा त्यातून काढलेला अर्थ एवढाच, की ‘शुगर फ्री’ लिहिलंय म्हणून दिवसाला तीन पेले करू नका.

शाकाहारी असाल तर हिरवा गोल बघाच. बारमधली प्रथिनं फुगवायला कधी कधी कोलॅजेन वापरतात. ते जनावरांच्या कातड्या-हाडांतून किंवा माशांतून येतं, आणि प्रथिन म्हणूनही अपुरंच. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतं.

पायरी ४ : बारला बारच्या जागी ठेवा

बार हे जेवण नाही. बाजारातले बहुतेक बार दीडशे ते दोनशे कॅलरींचे असतात आणि पाच घासांत संपतात. ग्रॅनोला बार तर ओट्स, मध, ग्लुकोज सिरप आणि वर चॉकलेटची ओढणी. शेंगदाण्याच्या चिक्कीचा तीस ग्रॅमचा तुकडा साधारण १४० कॅलरींचा असतो. अनेक ‘हेल्दी’ बार तिच्यापेक्षा फार वेगळे नसतात, फक्त महाग असतात.

बार कामाला येतो तो एकाच जागी: संध्याकाळी पाच ते सात, ऑफिसातून निघताना, समोर भजीची कढई उकळत असताना. त्यात दहा ग्रॅम प्रथिनं आणि चार-पाच ग्रॅम तंतू असतील, वरून घातलेली साखर कमी असेल, तर घ्या आणि त्या दिवशी बिस्किटं-फरसाण घेऊ नका. माल्टिटॉलवाला बार असेल तर पहिल्यांदा अर्धाच खा, तोही घरी. या गोडव्यांनी पोट फुगतं आणि जुलाब होतात. विरार लोकलमध्ये हा शोध लागू नये.

आणि चाळीस ग्रॅम भाजलेले चणे? साधारण दीडशे कॅलरी, आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं, भरपूर तंतू, आणि चावावं लागतं म्हणून वेळही लागतो. बारची किंमत बघून मला दरवेळी चण्याची पुडी आठवते.

पायरी ५ : विकणारा कोण, ते पाहा

पाकिटावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. तो ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर टाकून खरा आहे का ते पाहता येतं. सुटी पावडर, झिप पिशवीत भरलेली, ‘आमच्या ओळखीच्या सरांचा फॉर्म्युला’ अशी असेल तर नकोच. वजन कमी करण्याच्या अशा उत्पादनांत सिबुट्रामिन हे औषध चोरून मिसळलेलं जगभर सापडलं आहे. हृदयाला धोका असल्यामुळे भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे. एखाद्या पावडरीने भूक अचानक मेली, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर ती ‘सूट झाली’ म्हणून खूश होऊ नका. बंद करा, पाकीट जपून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

गल्लोगल्ली सकाळी शेक पाजणारे क्लब आहेत. तिथे चार बायका भेटतात, रोज वजन होतं, गप्पा होतात. अनेकींचं वजन उतरतं त्यात पेल्याइतकाच या सोबतीचा वाटा असतो. सोबत घ्या. ‘तूच आता सदस्य कर, शेक फुकट पडेल’ हा विषय निघाला की मात्र सावध व्हा. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे, आणि विक्रेत्याने ओळखपत्र न दाखवता किंवा आधी वेळ न ठरवता घरी येता कामा नये. मधुमेह बरा होतो, गुडघे बरे होतात, थायरॉइडची गोळी सुटते, असं कोणी सांगितलं तर तेच वाक्य लेखी मागा. मिळणार नाही.

पहिल्यांदा मोठा डबा घेऊ नका, एक-दोन पेल्यांच्या पुड्या घ्या. चव दहाव्या दिवशी नकोशी होते, आणि मग ऑफरमध्ये घेतलेले तीन डबे माळ्यावर चढतात.

पायरी ६ : पेला बनवणं

शेकरमध्ये आधी दूध किंवा पाणी, मग पावडर; उलटं केलं तर तळाशी गोळा बसतो. दूध टोन्ड किंवा डबल टोन्ड घ्या. २५० मिली फुल क्रीम दुधात टोन्डपेक्षा सत्तरेक कॅलरी जास्त. त्यात केळं, दोन खजूर आणि चमचाभर मध गेला की पेला पाचशेच्या घरात जातो, आणि शेकचं कारणच उरत नाही. दूध पचत नसेल, पोटात गुडगुड होत असेल, तर व्हे आयसोलेटचा (दुधातली साखर जवळपास काढून टाकलेल्या प्रथिनाचा) किंवा वाटाणा-सोयाचा शेक पाण्यात घ्या आणि कॅलरी दोनशेच्या वर आहेत ना ते पाहा.

पातळ अन्नाने पोट भरल्याची जाणीव कमी टिकते. त्यावर उपाय म्हणजे शेक घोटघोट पंधरा मिनिटांत संपवणं आणि शेजारी चावायला काहीतरी ठेवणं: काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो. मीठ-मिरपूड लावा, पण शेव नको.

शेकर लगेच विसळा. बॅगेत संध्याकाळपर्यंत बंद राहिलेल्या शेकरचं झाकण उघडणं हा स्वतंत्र अनुभव आहे.

पायरी ७ : पहिले तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात वजन एकदम दीड-दोन किलो उतरू शकतं. त्यात बरंचसं पाणी असतं. पुढे आठवड्याला अर्धा ते एक किलो हा ठीक वेग. त्याहून जोरात गेलात तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि केस गळतात. आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर वजन करा.

बद्धकोष्ठ होणारच, कारण भाजी-पोळीतले तंतू गेले आणि पाणी कमी पडलं. उरलेल्या दोन जेवणांत पालेभाजी वाढवा. शेकचे दिवस म्हणजे मोडाच्या उसळीचे दिवस. प्रौढ माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम. एका शेकने त्यातला तिसरा हिस्सा होतो, बाकीचा ताटातून यायला हवा. चालणं चालू ठेवा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा जिना, बैठका, डंबेल यांतलं काहीतरी करा म्हणजे स्नायू टिकतात.

तीन आठवड्यांत वजन अजिबात हललं नाही तर शेक बदलण्याआधी पुढचं जेवण तपासा. शेक घेतलेल्या दिवशी दुपारी एक पोळी जास्त जाते का? बहुतेक वेळा जाते.

सणावाराला, लग्नात शेक घेऊन बसू नका. जेवा आणि दुसऱ्या दिवशी परत लागा. चतुर्थी-एकादशीला शेक चालतो का, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. घटकांत सोया किंवा मक्याचं माल्टोडेक्स्ट्रिन असतं, त्यामुळे कडक उपास करणाऱ्या घरांत तो बसत नाही. साबुदाण्याची खिचडी बसते, पण तिच्या कॅलरी उपास धरत नाहीत.

पायरी ८ : सोडायचं कसं, ते आधीच ठरवा

शेकबद्दलचा सगळ्यात गाजलेला अभ्यास ब्रिटनमधला, ‘डायरेक्ट’ नावाचा. २०१७ च्या डिसेंबरात त्याचे पहिले निकाल आले. निदान होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा टाइप-२ मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. हा दाखला विक्रेते नेहमी देतात, पण त्यातलं अर्धंच सांगतात. त्या लोकांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी वैद्यकीय देखरेखीखाली थांबवल्या होत्या. इन्सुलिन घेणाऱ्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. आणि शेक संपल्यावर दोन ते आठ आठवडे पायरीपायरीने जेवण परत आणलं, पुढेही महिन्या-महिन्याला भेटी चालू ठेवल्या.

आपल्या एका-शेकच्या बेताला तेच लहान प्रमाणात लावा. सुरू करतानाच शेवटची तारीख ठरवा, तीन महिन्यांच्या आतली. शेवटच्या महिन्यात पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात तीन, मग पाच असे शेकचे दिवस काढत जा आणि त्या जागी तितक्याच कॅलरींचं खरं जेवण ठेवा. उदाहरणार्थ, साठ ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली दोन धिरडी, एक चमचा तेल, वाटीभर दही: साधारण ३१५ कॅलरी आणि सतरा-अठरा ग्रॅम प्रथिनं. किंवा एक ज्वारीची भाकरी, मटकीची पातळ उसळ आणि वाटीभर कोबीची कोशिंबीर.

शेक पूर्ण सुटल्यावरही दर आठवड्याचं वजन लिहीत राहा. सर्वांत कमी आकड्याच्या दोन किलो वर गेलात तर चार आठवडे पुन्हा एक जेवण शेकवर, त्याच नियमांनी. त्यासाठी दोन-चार पुड्या कोरड्या जागी ठेवा आणि त्यांची मुदत कॅलेंडरवर, वजनाच्या रकान्याशेजारी, लिहून ठेवा.